जागा बदलली, मतही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत घरगुती हवामान केंद्र लावू नये, या मताचा मी होतो. म्हणजे हौसेनं कुणी लावलंच तर लावू द्यावं, पण त्याच्या आकड्याला आकडा म्हणू नये. हे मत मी तालमीच्या कट्ट्यावर आणि लग्नाच्या पंगतीत, कुणी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी सांगत असे. आता ते तसं राहिलेलं नाही. पुरतं उलटलं असंही नाही. कुठं बदललं, कशानं बदललं आणि कुठं मी अजून हटून बसलोय, एवढं इथं मांडतो.

मत आलं होतं नोकरीतून. उमेदीची सगळी वर्षं पाटबंधारे खात्यात गेली आणि पावसाचा आकडा हा तिथल्या रोजच्या बोलण्यातला विषय. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा, साठलेलं पाणी मापपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं आणि लगेच नोंदवायचं. ‘आजचा पाऊस’ म्हणून जो आकडा पेपरात छापून येतो, तो काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. साडेआठ म्हणजे साडेआठ. पावणेनऊला घेतलेली नोंद आमचे साहेब नोंद मानत नसत.

जशी वेळ ठरलेली, तशी जागाही. पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर हवं. भोवती साडेपाच मीटर लांब-रुंद कुंपण हवं. जवळचं झाड, भिंत किंवा खांब जेवढा उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर यंत्र हवं. तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवायचा. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा स्कॉटलंडचा अभियंता आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. पेटीतला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरच्या दरम्यान पाहिजे, खाली गवत पाहिजे, आसपास डांबर-सिमेंट नको. वारा मोजायचा तर १० मीटर उंच खांब, आणि अडथळा त्याच्या उंचीच्या दहापट लांब.

हे सगळं डोक्यात पक्कं बसलेला माणूस शिवाजी पेठेत राहतो, म्हणजे काय होतं बघा. आमचं घर जुनं, दोन खणांचं, वर गच्ची. मागं परस. परसात एक नारळ, पेरू, पारिजातक, कढीपत्ता, जास्वंदीच्या दोन जाळ्या आणि तुळस. एका अंगाला दगडमातीची जुनी भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत. ती दहा मीटर उंच धरली तर पर्जन्यमापक तिच्यापासून वीस मीटर लांब न्यावा लागेल. वीस मीटर मागं गेलो की मी माझं परस ओलांडून दुसऱ्याच्या न्हाणीघरात शिरतो. वाऱ्याच्या यंत्राला शंभर मीटर मोकळी जागा लागणार, आणि तेवढी मोकळी जागा पेठेत एकच, गांधी मैदान. तिथं खांब रोवला तर दुसऱ्या दिवशी पोरं त्याचा गोलपोस्ट करतील.

जागतिक हवामान संघटनेनं मापनाच्या जागांचे पाच वर्ग पाडलेत. पहिल्या वर्गात बसायचं तर तापमापकापासून शंभर मीटरच्या आत उष्णता देणारं किंवा परावर्तित करणारं काही नको. पाचव्या वर्गात जागेपायी तापमानात पाच अंशांपर्यंतचा घोळ धरावा लागतो. आमचं परस बिनविरोध पाचव्या वर्गात. म्हणून पुतण्यानं घरगुती हवामान केंद्राच्या यंत्राचं खोकं घरी आणलं तेव्हा मी त्याला पहिल्या दिवशीच हा सगळा हिशेब ऐकवला. तो हसून म्हणाला, “तात्या, तुमच्या नियमानं बघितलं तर आख्खी पेठच बेकायदेशीर हाय की.”

त्या दिवसांत माझ्या बाजूनं पुरावाही भरपूर होता. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. मग तपासणीत निघालं की तो सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच आठवड्यात नागपुरात एका केंद्राचा आकडा ५६ अंशांवर गेला. हवामान खात्याला खुलासा करावा लागला की तो सेन्सरचा दोष आहे. खात्याच्या यंत्रांची ही गत, तर परसातल्या प्लास्टिकच्या खेळण्याची काय कथा, असं मी म्हणत असे आणि समोरचा गप्प बसत असे.

पहिली गप्प न बसणारी व्यक्ती म्हणजे शेजारच्या मावशी. त्या पत्र्याच्या माडीवर राहतात. पुतण्यानं यंत्र पेरूच्या सावलीत लावलं होतं आणि एप्रिलच्या एका दुपारी मी त्याच्यावरचा आकडा वाचून दाखवला. छत्तीस. सरकारी आकडाही त्याच्या आसपासच होता, त्यामुळं मला जरा बरंही वाटलं. मावशी म्हणाल्या, “छत्तीस व्हय? मग ते तुमचं छत्तीस पेरूला ठेवा, भाऊ. माझ्या माडीवर एक दुपार काढून बघा की.”

मी उत्तर दिलं ते खात्यातलं. सांगितलं की सरकारी तापमान हे मोकळ्या माळावरच्या सावलीतल्या हवेचं असतं, घरातलं नसतं, आणि दोन ठिकाणांची तुलना व्हावी म्हणून सगळीकडे तशाच जागी मोजतात. बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं. तुलना व्हावी म्हणून. म्हणजे कोल्हापूरची सोलापूरशी, यंदाची गेल्या सालाशी. सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान किमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावं लागतं. ती अट बरोबरच आहे, कारण त्यावर अख्ख्या जिल्ह्याला इशारा द्यायचा असतो. पण मावशींना सोलापूरशी तुलना करायची नव्हती. त्यांना दुपारी माडीवर झोपावं की खाली सोप्यात यावं, हे ठरवायचं होतं. माझ्या बिनचूक जागेत त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

यंत्राबरोबर घरात ठेवायचा एक छोटा पडदा येतो, त्यातही तापमापक असतो. मी त्याला कधी हिशेबात धरलं नव्हतं. तो मावशींच्या माडीवर नेऊन ठेवला. मग दिसलं ते असं: दुपारी पत्र्याखालचा आकडा परसापेक्षा कितीतरी वर जायचा, पण सूर्य मावळला की भराभर उतरायचा. पत्रा पातळ, उष्णता धरून ठेवत नाही. शेजारच्या स्लॅबच्या घरात उलट. दुपारी तिथं बरं, आणि रात्री जेवणं होऊन अंथरुणं पडली तरी स्लॅब दिवसभर प्यालेली उष्णता खाली सोडत असायचा. एकाच गल्लीत, एकाच रात्री, दोन घरांचा उन्हाळा वेगळ्या वेळी. खात्याच्या फळ्यावर हे कधी आलं नसतं, आणि येण्याचं कारणही नाही. ते मोजायला पेठेत कुणीतरी चुकीच्या जागी सेन्सर ठेवायला हवा होता.

तिथून माझं मत हलायला लागलं. पावसानं ते आणखी हलवलं.

पावसाच्या बाबतीत आपला जिल्हा विचित्र आहे. पश्चिमेला गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, शहरात हजाराच्या घरात, आणि पूर्वेला शिरोळकडं पाच-सहाशेवर येतो. शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात एवढी घसरण. म्हणूनच पुराच्या दिवसांत आमच्या पेठेत कुणी आपल्या अंगणातला पाऊस विचारत नाही. विचारतात ते पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही तोंडपाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीच्या खोऱ्यात कोसळलेल्या पावसानं. परसातल्या पर्जन्यमापकावर पंचगंगेचा पूर कळत नाही. हे मी आजही ठासून सांगतो.

पण पेठेत पाणी साठण्याचा एक दुसरा प्रकार आहे, त्याचा पंचगंगेशी संबंध नाही. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ. तळं बुजवून मैदान केलं, तरी पाण्याला उतार तोच राहिला. वळवाची एक जोराची सर आली की आजूबाजूच्या गल्ल्यांचं पाणी तिथं येऊन बसतं. तिथं दिवसभराच्या पावसाच्या बेरजेला अर्थ नसतो, अर्थ असतो वेगाला. चाळीस मिलिमीटर रात्रभर रिमझिम पडला तर मैदान पिऊन टाकतं, तेवढाच पाऊण तासात पडला तर पोरांची मॅच बुडते. साडेआठ ते साडेआठच्या बेरजेत या दोन्ही पावसांचा आकडा एकच निघतो. आणि एका शहराला एकच मापक असेल तर वळीव त्याला हुलकावणी देऊन जाऊ शकतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. त्या दिवशी मुंबईत एकटं कुलाबाच असतं, तर नोंदवहीत तो एक साधा पावसाळी दिवस ठरला असता.

शेतकऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आपल्या राज्यात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरतात, आणि पिकाच्या नुकसानीची मदत त्या आकड्याशी बांधलेली असते. मंडळाचं यंत्र ज्या गावात उभं आहे तिथं साठ पडला आणि चार गावं पलीकडं नव्वद पडला, तर नव्वदवाल्याच्या शिवारातलं पाणी कागदावर येत नाही. यंत्र नियमात बसतं, जागाही नियमात बसते, तरी शिवार राहून जातं. कौटिल्यानं ‘अर्थशास्त्रा’त हातभर रुंद तोंडाचं भांडं पाऊस मोजायला कोठारात ठेवायला सांगितलंय. धान्याचा हिशेब जिथं होतो, तिथंच पावसाचा. आधी काय जाणून घ्यायचंय ते ठरलं आणि मग भांड्याची जागा ठरली, असं मी आता ते वाचतो.

तरी एक गाठ सुटत नव्हती. नियमाबाहेरच्या जागेवर भरवसा ठेवायचा कसा? ती सुटली मुंबईच्या एका जुन्या गोष्टीनं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी वर्षानुवर्षं चालल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या विजेनं नोंदी बिघडणार हे उघड होतं. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे तेव्हा वेधशाळेचे संचालक, त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडं अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही, आणि मुख्य म्हणजे कुलाबा लगेच बंद केला नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी मोजणी चालू ठेवली. जुन्या आणि नव्या जागेत किती फरक पडतो हे कळल्याशिवाय जागा सोडली नाही.

हे वाचल्यावर मला जाणवलं की माझ्या खात्यातल्या भरवशाचं मूळ कुंपणाच्या मापात नव्हतं. जागा न बदलण्यात होतं, आणि बदललीच तर काय बदललं ते लिहून ठेवण्यात होतं. पुण्यात अ‍ॅना मणींनी शंभराच्या आसपास हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, तेही याचसाठी. यंत्र इथं बनो वा तिथं, त्याला एकसारखं बोलता यावं. परसातल्या माणसाला प्रमाणित जागा परवडत नसेल. प्रमाणित वही परवडते.

मग आम्ही सगळं नव्यानं मांडलं. आधी प्रश्न, मग जागा.

तापमापक परसातच राहिला, पण पेरूखालून निघाला. तिथं पुतण्या सकाळी झाडांना पाणी घालायचा आणि आर्द्रतेचा आकडा उगाच चढायचा. दगडी भिंतीपासूनही लांब आणला, कारण ती रात्री उष्णता सोडते. जमिनीपासून दीड मीटरवर, मातीवर, वारा मिळेल तिथं आडोसा न करता. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. युरोप-अमेरिकेतल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की सेन्सर घराच्या उत्तर बाजूला लावा, तिथं सावली असते. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन मेमध्ये उत्तरेची भिंत उन्हात आणि दक्षिणेची सावलीत. पत्रकावर विसंबलेला माणूस वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवसांतच फसतो. आम्ही पांढऱ्या थाळ्यांच्या कवचावर भर दिला आणि भिंतीचा नाद सोडला. पेठेत वारा पडलेला असतो तेव्हा त्या कवचातही हवा कोंडते आणि आकडा थोडा चढतो, हेही वहीत आहे.

पर्जन्यमापक गच्चीवर गेला. याला माझा सगळ्यात जास्त विरोध होता. गच्चीवर वारा जास्त, थेंब तोंडावरून उडून जातात, पाऊस कमी भरतो. ते खरंच आहे. पण खाली परसात दहा मीटरची इमारत मान वर करून उभी. गच्चीवरून मोजली तर तीच इमारत मापकाच्या तोंडापेक्षा तीनच मीटर वर राहते, म्हणजे सहा मीटर अंतर पुरतं, आणि तेवढं मिळतं. कठडा तोंडापेक्षा जेवढा वर आहे, त्याच्या दुपटीहून जास्त आत मापक ठेवला. पाणसळ लावून सपाट केला, कारण आतली टिचभर पन्हळ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाला उलटते आणि यंत्र जरा कललं तरी मोजणी चुकते. मग खात्यातली सवय कामाला आली. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर त्यात थेंबथेंब ओतलेलं २०० मिलिलिटर पाणी १० मिलिमीटर पाऊस दाखवायला हवं. मृग निघायच्या आधी ही चाचणी घ्यायची, जाळी काढून पारिजातकाची वाळकी फुलं आणि मुंग्यांचं बिऱ्हाड साफ करायचं.

राहिला वारा. आम्ही घेतलेल्या यंत्रात तिन्ही सेन्सर वेगवेगळे आहेत. बाजारात एकाच खांबावर सगळं बसवलेली यंत्रंही मिळतात, आणि ज्याला विचारून घ्यायचं असेल त्याला मी ती घेऊ नको म्हणतो. तापमापकाला जमिनीजवळची जागा हवी, वाऱ्याला उंची हवी, पावसाला उंची नको. तिघांना एका खांबावर बसवलं की किमान दोघांची जागा चुकते.

माझ्या बदललेल्या मताचा गैरसमज होऊ नये म्हणून दोन गोष्टी. परसातल्या आकड्याला ‘कोल्हापूरचं तापमान’ म्हणून फिरवायचं नाही, आणि सरकारी आकडा खोटा ठरवायला तो वापरायचा नाही. सरकारी यंत्र जिल्ह्यासाठी आहे, आमचं गल्लीसाठी. वहीच्या पहिल्या पानावर सेन्सर कुठं आहे, किती उंचीवर आहे, कुठल्या दिशेला काय आहे आणि कुठल्या नियमात तो बसत नाही, हे लिहिलेलं आहे. शेजाऱ्यांनी गच्चीवर नवी टाकी बसवली तेव्हा ती तारीख तिथंच खाली चढली. नियम मोडायचा तर लिहून मोडायचा, एवढी खात्यातली शिस्त मी सोडलेली नाही. आणि ज्याला ही वही ठेवायचा कंटाळा आहे, त्यानं नियमातली जागा मिळेपर्यंत खोकं उघडू नये, हे माझं जुनं मत त्याच्यापुरतं अजून तसंच आहे.

पुतण्याला वाऱ्याचं यंत्र पाण्याच्या टाकीवर चढवायचंय. त्याचं म्हणणं, वळवाच्या आधी वारा कुठून फिरतो ते तरी कळेल. मी म्हणतो, टाकीवर कळेल ते टाकीला वळसा घालून येणाऱ्या वाऱ्याचं. चारही बाजूंनी घरं, मध्ये एक पंखा गरगरतोय, त्यातून कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार ते त्यानं मला आधी सांगावं. अजून सांगितलेलं नाही. तोवर ते यंत्र खोक्यातच आहे, आणि त्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.